संकल्पाची बाटली

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मासिकांत नि रविवारच्या पुरवण्यांत एक लेख हमखास सापडतो. नव्या वर्षात तुम्हाला काय साधायचंय ते आधी ठरवा, मग त्याला साजेसं परफ्यूम घ्या, असा त्याचा साचा. आत्मविश्वास हवाय? ऊद घ्या. मन शांत ठेवायचंय? लॅव्हेंडर किंवा चंदन. कामात लक्ष लागत नाही? लिंबू, संत्रं, पुदिना. नातं फुलवायचंय? मोगरा, गुलाब, व्हॅनिला. शेवटी सहा-सात बाटल्यांचे फोटो नि खाली किमती.

असे लेख मी बरीच वर्षं आवडीनं वाचत आले आहे. 'आवडीनं' हा शब्द मुद्दाम लिहिला. टीका करायला बसलेल्या बाईनं आधी आपली आवड कबूल केलेली बरी. मला वासांचं वेड आहे. बेळगावच्या बाजारात कोपरापर्यंतच्या हातानं मल्लिगेची माळ मोजून देणाऱ्या बायकांजवळ मी उगाच दोन मिनिटं जास्त रेंगाळते. तेव्हा हे लिहिणं म्हणजे वासांच्या विरुद्ध नाही. वासावर जे ओझं हे लेख लादतात त्याबद्दल मला बोलायचंय.

आणि बोलायला कारणही घडलंय. गेल्या वर्षी अशाच एका लेखावरून मीही एक बाटली घेतली. संकल्प साधा होता. घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळून दुसरं वर्ष लागलं होतं. काचबिंदूनं डोळे गेलेले. एकच गोष्ट दहादा विचारायच्या नि अकराव्या वेळी माझा आवाज चढायचा. मग दिवसभर माझं मलाच खायचं. नव्या वर्षात आत्याबाईंवर चिडायचं नाही, एवढंच मला साधायचं होतं. लेखात शांती नि संयम यांच्या खाली चंदन-लॅव्हेंडरचं परफ्यूम सुचवलं होतं. साडेतीन हजार रुपये मोजले. पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी लेखांकडे बघू.

या लेखांत सगळंच थोतांड असतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पायाशी एक खरी गोष्ट आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून जातं. वासाची वाट वेगळी. नाकातून निघालेला निरोप घ्राणकंदात पोचतो आणि तिथून भावना नि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी त्याची गाठ जवळजवळ थेट पडते. नाक वास ओळखतं कसं, याच्या शोधासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. जुनी ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या वासासरशी आजोळ उभं राहतं ते उगाच नाही. तेव्हा वासानं मन हलतं, हे खरं.

पण मन हलतं कुठल्या दिशेनं? इथं या लेखांची गाडी घसरते. 'लॅव्हेंडर म्हणजे शांती' हे ते असं सांगतात, जणू शांती त्या फुलाच्या अंगातच आहे. वासाला अर्थ बहुतेक वेळा आपण देतो, आणि तो आपापल्या घरात शिकतो. युरोपातल्या बाईला लॅव्हेंडरनं आजीचं कपड्यांचं कपाट आठवत असेल. मला तो वास पहिल्यांदा भेटला एका दवाखान्याच्या फरशी पुसण्याच्या पाण्यात. मला त्यानं शांत कसं वाटावं? लिंबानं 'ताजी ऊर्जा' येते म्हणतात. आमच्या पिढीच्या बायकांना लिंबाच्या वासानं भांडी घासायचा साबण आठवतो. मोगरा तिकडच्या लेखांत धीट, मादक वगैरे असतो. आपल्याकडे तो शाळेतल्या बाईंच्या अंबाड्यात असतो, लग्नात असतो, आणि तिरडीवरही असतो. ऊद अरबांच्या घरी पाहुण्यांच्या स्वागताला जाळतात, आणि आपल्या पुरवणीत येईपर्यंत तो 'सत्तेचा वास' होतो. चंदनानं आपल्याला शांत वाटतं, कारण लहानपणापासून तो बसदीत भेटला. म्हैसूरचा साबण घराघरात गेला त्यानंही ती ओळख पक्की केली. पहिल्या महायुद्धात चंदनाची परदेशी निर्यात थांबली, लाकूड पडून राहिलं, म्हणून म्हैसूर संस्थानानं साबणाचा कारखाना काढला. म्हणजे आपल्या 'शांती'त थोडा वाटा त्या अडकलेल्या लाकडाचाही आहे.

एक गंमत बघा. आपलं खरं नवं वर्ष चैत्रात येतं आणि चैत्राचा वास आहे दवण्याचा. जोतिबाला वाहतात तोच दवणा. त्याचं तेल आपल्या कर्नाटकातून परदेशी अत्तरवाल्यांकडे जातं, आणि ते लोक म्हणतात की हा वास प्रत्येकीच्या कातडीवर वेगळा उमलतो. इतकी गुणी वनस्पती दाराशी असून 'नव्या वर्षाचा वास' या यादीत मी तिला आजवर पाहिलेलं नाही. याद्या तिकडे तयार होतात, आपण नुसत्या उतरवून घेतो.

दुसरी अडचण वेळेची. परफ्यूममध्ये वासांचे थर असतात. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उडून जातात. मग फुलांचे वास दोन-चार तास, आणि मागे राहतात ते लाकडाचे, डिंकाचे, कस्तुरीसारखे जड वास. म्हणजे ज्या लिंबानं तुमचं लक्ष कामात लागणार होतं ते तुम्ही ऑफिसच्या बसमध्ये बसेपर्यंत गेलेलं असतं. शिवाय नाकाची एक खोड आहे. तोच वास काही मिनिटं येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. मग आपल्याला वाटतं वास संपला, आपण आणखी दोन फवारे मारतो. आपल्याला काहीच येत नसतं आणि शेजारच्या बाईचं डोकं चढलेलं असतं. प्रवचनाच्या हॉलमध्ये मी हे किती वेळा अनुभवलंय. दम्याची बाई उठून मागे जाऊन बसते नि परफ्यूमवाल्या बाईला पत्ताही नसतो. वर्षभराचा संकल्प अशा वस्तूवर टेकवायचा, जी स्वतःला अर्ध्या तासात विसरायला लावते!

तिसरी गोष्ट नावांची, आणि मला तीच सगळ्यात बोलकी वाटते. गेल्या शतकातल्या नावाजलेल्या परफ्यूमांची नावं आठवून बघा. १९७७ चं 'ओपियम', म्हणजे अफू. १९८५ चं 'पॉयझन', म्हणजे विष. त्याच वर्षीचं 'ऑब्सेशन', म्हणजे झपाटलेपण. १९९७ चं 'एन्व्ही', म्हणजे मत्सर. आपल्या पाठशाळेतल्या मुलीला क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय शिकवायचे असतील तर या बाटल्या ओळीनं मांडून शिकवता येतील. त्या काळी बाजारानं उघडपणे कषाय विकले. निदान प्रामाणिकपणा होता त्यात. विष म्हटलं, विष दिलं. आता तोच बाजार क्षमा, धैर्य, एकाग्रता, संतोष विकतो. बाटली तीच, बहुतेक रसायनंही तीच. फक्त दुकानाची पाटी बदलली. मला विचाराल तर मत्सर नावाची बाटली मला जास्त परवडेल. ती लावून निदान मी साधुत्वाकडे निघालेय असा भ्रम तरी होणार नाही.

इथं कुणी बहीण मला अडवेल, आणि तिनं अडवावंच. ती म्हणेल, 'तुम्ही हसता कुणाला? आपल्या पूजेत काय होतं?' खरंय. अष्टद्रव्य पूजेत आपण प्रत्येक द्रव्याला एक हेतू जोडतोच. जल जन्म-जरा-मृत्यूच्या नाशासाठी, चंदन संसाराचा ताप शमावा म्हणून, अक्षता अक्षय पदासाठी, पुष्प कामविकार जावा म्हणून, धूप आठ कर्मांच्या दहनासाठी. शांतीसाठी चंदन! पुरवणीतला लेख याहून वेगळं काय सांगतो?

या प्रश्नानं मला बरेच दिवस छळलं. उत्तर मिळालं ते इंदूरला, नणंदेच्या घरी. आमच्याकडे दक्षिणेत पूजेला खरी फुलं वाहतात, भगवंतांना चंदनाचा लेप होतो. नणंदेचं सासर तेरापंथी पद्धतीचं. तिथं फूल म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात, दीप म्हणून खोबऱ्याचे रंगवलेले तुकडे. ना फुलाचा वास, ना ज्योत. तरी हेतू तोच, मंत्रही तोच. म्हणजे काम वासानं होत असतं तर ही पूजा चाललीच नसती. द्रव्य हे निमित्त आहे. आणि दुसरा फरक त्याहून मोठा. पूजेतलं चंदन आपण वाहून टाकतो. वाहिलेलं परत घ्यायचं नसतं. ते हातून जातं, तेव्हा त्याच्यासोबत थोडा हव्यासही जावा अशी कल्पना. परफ्यूम आपण विकत आणतो, अंगाला लावतो, आणि 'आता मी शांत झाले' म्हणतो. एका ठिकाणी हात उघडतो, दुसऱ्या ठिकाणी मिटतो.

आता बाटलीच्या आत काय असतं ते. या लेखांत याबद्दल चकार शब्द नसतो आणि आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच यायला हवा. कस्तुरी ही नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीत तयार होते. एका नरापासून मिळते सुमारे २५ ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी जनावर मारत आले. जवादी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथीतला स्राव खरवडून काढतात. अंबर येतं स्पर्म व्हेलच्या आतड्यातून. वर्तमानपत्रं त्याला व्हेलची उलटी म्हणतात, आणि कोकण-कारवारच्या किनाऱ्यावर ते घेऊन फिरणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे. मी ज्या दुकानातून बाटली घेतली तिथल्या मुलीला विचारलं, यात कस्तुरी लिहिलंय, ती कसली? ती म्हणाली, 'मॅडम, ओरिजिनल आहे, काळजी नको.' मला काळजी नेमकी त्याचीच होती!

खरं उत्तर बहुधा दिलासा देणारं आहे, ते त्या बिचारीला कुणी शिकवलेलं नव्हतं. आजच्या साध्या बाटल्यांतली कस्तुरी कृत्रिमच असते. १८८८ साली अल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ स्फोटकांवर काम करत होता. करता करता त्याला कस्तुरीसारखा वास येणारा पदार्थ सापडला. तिथून कृत्रिम कस्तुरीची वाट निघाली. स्फोटकाच्या प्रयोगातून हरणांचा जीव वाचावा, हे पाठशाळेत सांगण्याजोगं आहे. मांजराचा खरा स्रावही मोठ्या कंपन्यांनी हळूहळू सोडला. 'शनेल नंबर ५' च्या बाबतीत १९९८ पासून तो वापरत नाहीत असं कंपनीनं सांगितलं आहे.

यातून एक गोष्ट आपल्या बायकांनी नीट ध्यानात घ्यावी असं मला वाटतं. 'नैसर्गिक' म्हणजे 'अहिंसक' नव्हे. १९३० च्या 'जॉय' या परफ्यूमची प्रसिद्धीच अशी होती की तीस मिलिलिटरसाठी १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात. वाचणाऱ्याला ही श्रीमंती वाटते. वनस्पतिकायात जीव मानणाऱ्या आपल्याला हा हिशेब वेगळा दिसायला नको का? कन्नौजची देग-भपक्याची कला मला फार प्रिय आहे. तांब्याच्या देगेत पहाटे खुडलेले गुलाब, खाली मंद आच, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यातल्या चंदनतेलात उतरते. ऐकूनच नाक हुळहुळतं. पण तिथंही किलो-किलोंनी फुलं शिजतात, नि चंदन महागल्यावर पुष्कळ ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन आलं आहे. मला त्यातलं मातीचं अत्तर सगळ्यात निर्दोष वाटायचं, फूल नाही म्हणून. मग लक्षात आलं, मातीत पृथ्वीकाय आहेच, आणि तिला भाजतात. तेव्हा पूर्ण निर्दोष बाटली शोधण्यात अर्थ नाही. कमी-जास्त बघायचं, एवढंच आपल्या हातात.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या धूपपात्राकडेही बघू या. दशांग धुपाच्या जुन्या पाठांत कुठं मध येतो, कुठं नख. हे नख म्हणजे समुद्रातल्या शंखाच्या तोंडावरचं झाकण. मध आपल्या घरात औषधालाही येत नाही, आणि कर्मदहनाच्या धुपात तो असू शकतो! मी आमच्या मंदिरातल्या धुपाची पुडी उलटसुलट करून बघितली, घटक लिहिलेलेच नव्हते. समितीतल्या काकांना विचारलं तर म्हणाले, 'ताई, वर्षानुवर्षं हाच येतोय.' हे उत्तर नि दुकानातल्या मुलीचं उत्तर यांत फारसं अंतर नाही. आता आम्ही पाचसहा जणी मिळून धूप घरी करतो. चंदनचुरा, गुग्गुळ, राळ, कापूरकाचरी, वाळा. जळतो थोडा कमी, पण काय जळतंय ते ठाऊक असतं.

आता संकल्पाकडे येते. वासाच्या बाबतीत रोज सकाळी काही ठरवायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाहीच. श्रावकाच्या सतरा नियमांत भोजन, षट्‌रस, पान यांच्यापाठोपाठ विलेपन येतं, पुष्प येतं, तांबूल येतं. श्वेतांबर बहिणींच्या चौदा नियमांतही विलेपन आहे, आणि 'कुसुम' या नावाखाली फुलं, अत्तर, हुंगायच्या सगळ्याच गोष्टी येतात. आत्याबाई डोळे होते तोवर रोज दर्शन करून आल्या की उंबऱ्यापाशी हे नियम मनाशी म्हणत. मी नवी सून, कान देऊन ऐकायची. 'आज विलेपन, चंदनाचा टिळा. फुलं न्हाईत.' कुणाचं लग्न असलं तर, 'आज अत्तर, एक बोट.' एक बोट म्हणजे एकच बोट. आनंदाला मनाई नव्हती, मोजदाद होती. सकाळी ठरवायचं, संध्याकाळी बघायचं.

पुरवणीतल्या लेखात आणि या नियमात मला तीन फरक दिसतात. पहिला, लेख नेहमी काहीतरी वाढवायला सांगतो. 'या वर्षी एक वास कमी करा' असं सांगणारा लेख मी अजून वाचलेला नाही, कारण त्याच्याखाली कुठली बाटली छापणार? दुसरा, नियमाला मुदत असते. आजचा दिवस, हे पर्व, चातुर्मास. नववर्षाच्या संकल्पाला मुदत एक वर्षाची म्हणतात, पण प्रत्यक्षात संक्रांतीचा तिळगूळ खाईपर्यंत. तिसरा, आणि माझ्या मते खरा, नियम मोडला तर काय करायचं हे नियमातच सांगितलेलं असतं. अतिचार ओळखायचा, प्रतिक्रमण करायचं, पुन्हा उभं राहायचं. लेखात हे पानच नाही. संकल्प मोडला की पुढच्या डिसेंबरात दुसरी बाटली. मोडणाऱ्या बाईला तिथं फक्त गिऱ्हाईक म्हणून जागा आहे.

तर माझ्या बाटलीचं काय झालं? पहिला आठवडा बरा गेला. सकाळी अंघोळ, दोन फवारे, मग आत्याबाईंचा चहा. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कपभर कोमट चहा घेऊन मी त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला. त्यांनी हात मागे ओढला.

'कोण गे? पावणी आलीस काय?'

मी म्हटलं, 'आत्याबाई, मी. ओळखलं न्हाईत?'

थोडा वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, 'हिंगाचा वास न्हाई आला.'

पस्तीस वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात वावरले. आपल्या घरी कांदा-लसूण नाही, सगळी भिस्त हिंगावर. डोळे गेल्यापासून त्या मला हाताच्या हिंगावरून ओळखत होत्या, हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. शांत सून व्हायला म्हणून मी जे लावलं त्यानं त्यांची सूनच खोलीतून नाहीशी केली. त्या दिवसभर कोण येतंय, कोण जातंय म्हणून विचारत राहिल्या. आणि मी, शांतीचा वास अंगभर असताना, दुपारी चिडलेच.

पुढे महिनाभर मी कधी लावलं, कधी नाही. चिडणं व्हायचं ते होतच राहिलं. मग एक विचित्र गोष्ट झाली. त्या बाटलीचं झाकण काढलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. लेखातलं शास्त्र खरं होतं म्हणायचं! वासाला आठवण चिकटते. माझ्या बाटलीला चिकटली ती फसलेल्या सकाळींची. वास बिचारा काय करणार, ज्या दिवसात मिसळाल त्या दिवसाचा तो होतो. दिवस आधी सुधारावा लागतो.

चिडणं कमी झालं का? थोडं झालं, आणि ते कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर माझाही लेख बाटली विकणाऱ्यांसारखाच होईल. मी एक नियम घेतला, फक्त सकाळी उठल्यापासून देवदर्शन होईपर्यंत आवाज चढवायचा नाही. दोन तास. मोडला तर त्या दिवशी माझा दुपारचा चहा बंद. पहिल्या महिन्यात चहा फार वेळा बंद झाला. दुसरं म्हणजे यजमानांना सांगितलं, संध्याकाळी आईंजवळ तासभर तुम्ही बसायचं, मी बाहेर फिरून येणार. हे सांगायला मला दोन वर्षं लागली होती. माझा राग बराचसा थकव्याचा होता, आणि थकव्यावर चंदन-लॅव्हेंडर चालत नाही, दुसरं माणूस लागतं. बायकांना संयमाची बाटली घ्यायला सांगणारा एकही लेख 'घरातल्या पुरुषाला एक तास मागा' असं सांगत नाही. माझी या सगळ्या लेखांवर खरी तक्रार काय, असं एका वाक्यात विचाराल तर ती ही.

भाद्रपदात पर्युषणानंतर क्षमावणीला आत्याबाईंचे पाय धरले. म्हटलं, 'वर्षभर पुष्कळ बोलले, क्षमा करा.' त्या म्हणाल्या, 'कधी गे?' त्यांना आठवत नव्हतं की आठवत असून म्हणाल्या नाहीत, मी विचारलं नाही.

बाटली मी नणंदेला दिली. तिला आधी सगळी हकिगत सांगितली, तर म्हणाली, 'वहिनी, माझं काही त्या वासाशी वैर नाही.' लग्नकार्याला लावते म्हणे, छान वाटतं तिला. वाटावंच. वास छान आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे.

आता पुन्हा डिसेंबर येईल, तोच लेख नव्या फोटोंसह येईल. वाचा. मीही वाचीन. फक्त दुकानात शिरण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. यात काय आहे आणि ते कुणाच्या जिवावर आलंय? किती लावायचं नि कधी, हे मी ठरवलंय की बाटलीनं? आणि जे साधायचं म्हणते आहे, त्यासाठी मला खरोखर वासच हवाय, की कुणाची तरी मदत? उत्तर देऊन झाल्यावर घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, आणि आवडतं म्हणून लावा. एक बोट.